तिथी, ताट आणि अद्भुत

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतली गाणी, अद्भुत कथा आणि खाणेपिणे एकाच पुस्तकात, आणि तेही महिन्यांच्या क्रमाने, असे म्हटल्यावर पहिल्यांदा कपाळाला आठी पडते. आपल्याकडे लोकगीतांचे संग्रह वेगळे निघतात, लोककथांचे वेगळे, आणि पाककृतींची पुस्तके तर दुकानात दुसऱ्याच कपाटात असतात. अभ्यासकाला ही वाटणी सोयीची पडते. पण पेडण्यातल्या एखाद्या आजीला ऐन वैशाखात, भरदुपारी, धालोचे गाणे म्हणायला सांगितले तर ती आधी हसेल आणि मग पौषात या म्हणेल. ती काही भाव खात नसते. ते गाणे सारवलेल्या मांडावर, चांदण्यात, पौषातच म्हणायचे असते. पातोळ्यांचेही तसेच. चैत्रात त्या मागून पाहा. हळदीचे पान कुठून आणणार?

या संग्रहाची पाने चाळताना एक गोष्ट मला ठळकपणे जाणवली, आणि या प्रस्तावनेत मुख्यतः तीच मांडायची आहे. इथल्या ज्या कथेला नेमकी तिथी आहे आणि जिच्या आगेमागे काहीतरी ठरलेले खायचे असते, ती कथा टिकली. जिला यांतले काहीच नव्हते, ती सर्वांत आधी गेली. राजकन्येला पळवणाऱ्या राक्षसाची, सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणाऱ्या जादूगाराची गोष्ट मुलांना कुठल्याही रात्री सांगता यायची, म्हणून ती कुठल्याही रात्री न सांगताही चालू लागले. तिच्यात काही कमी होते असे नाही. पंचांगात तिची आठवण करून देणारे कोणी नव्हते, एवढेच.

हे याच भागात इतके स्पष्ट का दिसते, याला इतिहासाचे कारण आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि घराच्या उंबरठ्याच्या आत शिरले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात काय काय बंद केले होते ते पाहण्यासारखे आहे: लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, अंगणात तुळस ठेवायची नाही, आणि भात मिठाशिवाय शिजवून मागाहून वर मीठ घालायचे नाही. गाणे आणि रांधणे एकाच धाग्यात ओवलेले असते हे त्या पाद्र्यांना आपल्या काही अभ्यासकांपेक्षा चांगले कळले होते, असे म्हणायला हरकत नाही. पेडणे आणि डिचोली तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हती. ती सावंतवाडीकर भोसल्यांकडे होती. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. नव्या काबिजादी म्हणतात त्यांत हा मुलूख येतो. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या रीतिरिवाजांत हात न घालण्याचे धोरण आले होते. त्यामुळे इथले देव, भुते, ओव्या आणि भात बऱ्यापैकी जागच्या जागी राहिले.

संपादकांनी वर्षाची सुरुवात चैत्रापासून न करता मृगापासून केली आहे, ते मला पटले. पहिल्या सरींबरोबर चढणीचे मासे ओहोळातून शेतात चढतात. समुद्रावरची यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. मग घरात पुरुमेंताचा डबा उघडतो. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच भरून ठेवलेली बेगमी. त्यात सुके बांगडे, गालमो, सोलां, मिठाच्या पाण्यातली तोरां. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला त्या खारातल्या कैरीची फोड. रानात तायकिळो उगवतो, थोड्या दिवसांनी फागलां येतात, बांबूचे कोवळे किल्ल येतात. आणि मग ज्यांची सगळे वाट पाहत असतात ती आळमी, म्हणजे रानातली अळंबी.

आळम्यांवर थोडे थांबायला हवे. गावोगावच्या सातेरीच्या देवळांत मूळ पूजा वारुळाची आहे. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. भूमीच्या पोटातून वर आलेली ती माती हीच देवी. आता त्या वारुळाच्या आत काय चालते ते बघा. वाळवी तिथे चक्क शेती करते. लाकूड आणि पाचोळा चघळून ती त्याचे स्पंजासारखे मळे रचते, त्यांवर टर्मिटोमायसेस नावाची बुरशी वाढवते आणि तिच्यावर पोसते. पावसाची ओल खोल मुरली की त्याच मळ्यातून लांब देठाची, टोकदार डोक्याची छत्री जमीन फोडून वर येते. म्हणजे देवीच्या घरातून, न पेरता, ठरलेल्या दिवसांत अन्न बाहेर पडते. अशी गोष्ट कोणी रचून सांगितली असती तर आपण तिला कल्पित म्हणालो असतो. पहाटे रानात गेलेला माणूस ती पानांत बांधून रस्त्याकडेला विकायला बसतो. वजनकाटा नसतो, नगावर हिशेब असतो, आणि भाव ऐकून गिऱ्हाईक एकदा चालू लागते व लगेच परतते. घरी त्यांचे भाजलेल्या खोबऱ्याचे तोणाक होते. मसाला जरा जास्त पडला तर आळम्यांचा पत्ताच लागत नाही, हे संपादकांनी तळटीपेत घातले आहे. माझ्या मते ते ठळक अक्षरांत छापायला हवे होते.

श्रावण हा पोथ्यांचा महिना. श्रीधरांचे 'हरिविजय' १७०२ चे, 'पांडवप्रताप' १७१२ चा, 'शिवलीलामृत' १७१८ चे. अडीच-तीनशे वर्षे या पोथ्या कोकणात आणि गोव्यात घरोघर वाचल्या गेल्या. बोलणे घरात कोकणीतून किंवा मालवणीशी जवळीक असलेल्या पेडण्याच्या बोलीतून, पण पोथी मराठीतून, ही विभागणी इथे कोणालाच खटकत नाही. मायावी राक्षस, आकाशवाणी, शापाने दगड झालेली माणसे, पाताळातल्या नागकन्या, हा सगळा ऐवज श्रावणात कानांवरून जातो. पुढे थंडीत तो रंगमंचावर येतो. त्या दोन भेटींच्या मधे चार महिने असतात, आणि प्रेक्षकाला कथा माहीत असते ती अशी.

छापील अद्भुताची गोडीही बहुतेकांना पावसाळ्यातच लागली. नाथमाधवांचा 'वीरधवल' वाचून ज्यांच्या रात्री उडाल्या ते वाचक आता फार थोडे उरले, पण 'चांदोबा'वर वाढलेली पिढी अजून आहे. मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये मद्रासहून निघू लागला, आणि त्यातल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टीची मोहिनी सगळ्या महाराष्ट्रावर होती. डिचोली तालुक्यातल्या आमोण्याच्या मुलाला मात्र त्या चित्रातला झाडाला लोंबकळणारा वेताळ जरा अपुराच वाटला असणार. त्याच्या गावात वेताळ हा देव आहे, त्याचे देऊळ आहे, त्याला नवस बोलले जातात. तेरेखोलची खाडी ओलांडून वेंगुर्ले तालुक्यात गेले की आरवलीचा वेतोबा भेटतो. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. त्याच आरवलीचे जयवंत दळवी आणि शेजारच्या बागलांच्या राईतले चिं. त्र्यं. खानोलकर. या दोघांच्या लेखनात भुताखेतांची ये-जा इतकी सहज का, याचे उत्तर पुस्तकांत शोधण्यापेक्षा त्या वहाणांच्या तळव्यांत शोधावे.

देवचाराचेही असेच. पेडण्यात हद्दीवरचा देवचार म्हणजे राखणदार: खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पेटती चूड. त्याला वर्षातून एकदा रोट द्यायचा, कुठे त्याच्या जोडीला दारू आणि विडी. रोट म्हणजे जाडजूड भाकरी. तिचे मान ठरलेले, देण्याची जागा ठरलेली. जोवर रोट भाजला जातो तोवर देवचाराची गोष्ट सांगावीच लागते, कारण ताटातली एवढी मोठी भाकरी कोणासाठी, असे घरातले लहान मूल विचारणारच.

भाद्रपदातली चवथ संपादकांनी सविस्तर घेतली आहे. मी दोनच गोष्टींकडे लक्ष वेधतो. एक माटोळी. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली ती लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली फळेफुले: कवंडळ, कांगले, वागचवरे, तोरिंग, सुपारीचे घड, शहाळी. यांतली निम्मी कोणी खात नाही, पण ती ओळखावी लागतात. मुलांना रान शिकवण्याची याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही. दुसरी घुमट. मातीचे मडके, दोन्ही तोंडे उघडी. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधलेले, आणि मागचे लहान तोंड डाव्या तळव्याने झाकत-उघडत सूर कमीजास्त करायचा. पूर्वी ते कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झाले आणि बकऱ्याचे आले. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. जुने वादक नाद बदलला म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण शामेळ आणि कासाळ्यांच्या साथीने आरतीची लय चढू लागली की समोर बसलेल्याला घोरपड आठवत नाही. आरती संपते, आणि खतखत्यातल्या तिरफळाचा वास आतून येतो.

आता आश्विन. या पुस्तकातले सर्वांत चांगले प्रकरण हेच, आणि त्याचे श्रेय पेडण्याच्या पुनवेला आहे. दसऱ्यापासून रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे सजतात. उंच काठ्यांना लुगडी गुंडाळून केलेली ही देवाची रूपे. कोजागिरीच्या रात्री पेडण्यात पाय ठेवायला जागा नसते. भुताची बाधा झालेल्यांना इथे आणतात, बघे येतात, व्यापारी येतात. आणि मग भूतनाथ बिथरतो. त्याची मागणी जुनी आहे: माझे देऊळ बांधा, पण एका रात्रीत, एकाच दगडाचे आणि एकाच लाकडाचे. ते न झाल्यामुळे तो रागाने रानाकडे धावत सुटतो. लोक त्याच्यामागे धावतात, त्याला गाठतात, बांधतो म्हणून शब्द देतात आणि परत घेऊन येतात. पुढल्या वर्षी तो पुन्हा विचारणार, लोक पुन्हा शब्द देणार.

अशक्य अट घालणारी पात्रे जगभरच्या कथांत आहेत. बहुतेक ठिकाणी कोणीतरी हुशार धाकटा मुलगा येऊन ती अट पुरी करतो किंवा तिच्यातून पळवाट काढतो, आणि गोष्ट संपते. पेडणेकरांनी ती संपूच दिली नाही. देऊळ बांधले असते तर पुनव कशाला भरली असती? हजारो माणसे मिळून देवाला दरसाल एकच आश्वासन देतात, देवही ते दरसाल ऐकून घेतो, आणि दोन्ही बाजूंना त्यात काही वावगे वाटत नाही. निवडणुकांच्या काळात हे प्रकरण वाचताना वाचकाला काय आठवेल ते मी सांगत नाही.

दिवाळीचे फोव मी वाचकांवर सोपवतो. गुळाचे, रोसातले, ताकातले, तिखटे, असे त्यांचे प्रकार या पुस्तकात आहेत, आणि ज्याच्या घरी जो प्रकार होतो तोच खरा असे तो मानत राहणार. साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेला होणारा नौकांचा उत्सव आणि तिथला त्रिपुरासुराचा वध यांवरचे प्रकरण मात्र फारच त्रोटक झाले आहे.

मग येतात जत्रा, आणि जत्रांबरोबर दशावतार. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा मंडळ्या सिंधुदुर्गातून आणि पेडण्यातून रात्रीमागून रात्र फिरतात. देवळासमोर मांडव, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. रंगमंचावर एकच वस्तू: लाकडी बाकडे. इंद्र बसला की ते सिंहासन. राजा त्यावर उभा राहिला की गडाचा बुरूज. नायिका त्याच्या कडेला टेकून रडू लागली की घनदाट अरण्य. लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी कथेचा क्रम सांगितला जातो, कोणी कोणाला मारायचे आणि कोणी कोणाला शाप द्यायचा हे ठरते, आणि बाकीचे बोलणे उभ्या उभ्या सुचते. आरशासमोर बसून स्वतःच रंग लावणारा नट शेंदराची रेघ ओढता ओढता प्रतिपक्षाच्या नटाला म्हणत असतो, आज धर्मावर जास्त खेचू नको, मला पहाटेची बस आहे. आणि तासाभराने तोच दोघांतला वाद असा पेटतो की म्हातारे माना डोलवतात. आधी गणपती, सरस्वती, वेद चोरणारा काळ्या बुरख्याचा संकासुर, त्यानंतर आख्यान. स्त्रीपात्रे पुरुषांनीच करायची, आणि लुगड्याचा पदर सावरण्यात काहींची अशी ख्याती की गावातल्या बायका ती लकब बघायला येतात.

हल्ली जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त' असा शब्द असतो: धूर, रंगीत दिवे, हवेत उडणारा मारुती. गर्दी त्याला होते हे मान्य. मला बाकडे पुरते.

या रात्रींचे खाणे म्हणजे खाजे. बेसनाच्या तळलेल्या जाड कांड्या आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या. पाक वाळला की त्या खडबडीत, पांढरट-तपकिरी होतात. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसेच हरमलच्या मिरचीलाही. खाजे मुळात जागरणासाठीच घडवले असावे असा माझा संशय आहे. ते चावायला वेळ लागतो, आल्याने घसा गरम राहतो, आणि संकासुर येईपर्यंत एक पुडी पुरते. पहाटे दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, आणि त्यावरूनच सारा खेळ दहीकालो म्हणून ओळखला जातो. सकाळी घरी आलेल्याला पेडण्याच्या वायंगणी शेतातल्या आळसांद्यांचे तोणाक आणि पाव मिळाला तर त्याने आणखी काही मागू नये.

धालो माझ्या विधानाला अडचणीत आणतो. त्याला तिथी आहे, मांड आहे, तरी तो अनेक वाड्यांवर विरळ होत चालला आहे. बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींच्या कमरेला हात घालून, पुढे येत आणि मागे जात गातात. शेवटच्या रात्री कोणाच्या अंगात रंभा येते. कागदावर ती गाणी रटाळ वाटतात, हे स्पष्ट सांगायला हवे. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. पण ती वाचायची नाहीतच. ज्या बाईला नेवऱ्या तळताना आरती ऐकू येते पण दिसत नाही, जत्रेच्या दिवशी जी पाहुण्यांच्या पंगती वाढते आणि नाटकाच्या वेळी जिचा डोळा लागतो, तिची स्वतःची म्हणावी अशी वर्षातली हीच काही रात्रींची मिळकत. या पुस्तकातल्या बहुतेक प्रत्येक पदार्थामागे ती उभी आहे. वाढण्याचे काम नसलेली रात्र तिला फक्त धालो देतो, आणि म्हणूनच कदाचित तो टिकवायची घाई घरातल्या इतरांना नसते.

शिगमा जुन्या काबिजादींत पौर्णिमेला संपतो आणि नव्या काबिजादींत तिथून सुरू होतो. रोमटामेळ, ढोल-ताशे, कमरेला लाकडी घोडे बांधून तलवारी परजणारी डिचोलीकडची घोडेमोडणी, चैत्रात साखळीच्या रस्त्यांवरून मशालींच्या उजेडात नाचत येणारा वीरभद्र. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पुढे जातो, कारण वैशाख वाट पाहतो आहे.

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची लईराई. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा, अशी ही कथा. पाठभेद बरेच आहेत. सर्वांत ऐकू येणारा असा, की विस्तव आणायला पाठवलेला भाऊ खेळात रमला, लईराईने रागाच्या भरात त्याला लाथ मारली, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून ती आगीतून चालते. तिच्यामागोमाग व्रतस्थ धोंड, हातात रंगीत वेताची काठी आणि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार घालून, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. केळबाई मुळगावात, महामाया मयेत, मोरजाई पेडण्यातल्या मोरजीत, आणि एक बहीण, मिराबाई, म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रिस सायबीण झाली. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचे फेस्त असते आणि हिंदू तिला तेल वाहायला जातात. इन्क्विझिशनने तोडलेली नाती लोकांनी गोष्टीत अशी परत जोडून घेतली. बहीण धर्म बदलून गेली तरी बहीण राहिली, आणि तिच्या घरी वर्षातून एकदा जायचे ठरले. याच दिवसांत काजूचा नीरो, हुर्राक आणि पहिले मानकुराद आंबे येतात. धोंडांना मात्र व्रताच्या दिवसांत ते सोवळ्यात स्वतः शिजवतील तेवढेच.

शिरगाव हेच खाणींनी पोखरलेले गाव. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या उत्खननाने झरे आटले आणि शेतांत गाळ भरला. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक घेतलेली घरे बसली. पेडण्यात मोपाच्या सड्यावर २०२२ च्या डिसेंबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. हे पुस्तक या गोष्टींवर गळा काढत नाही, ते बरे. पण आळमी कुठून येतात हे वाचल्यावर सडा सपाट केला म्हणजे नेमके काय गेले याचा हिशेब वाचक आपसूक करील.

शेवटी थोडे वापराविषयी. पाककृतींत मापे सैल आहेत. नारळ लहान असेल तर दीड घ्या. दशावताराच्या आख्यानांचे फक्त कथासूत्र छापले आहे, संवाद नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण छापलेला संवाद पुढच्या नटाच्या पायांत बेडी होईल. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही; जो महिना चालू असेल तिथे उघडा. आश्विन असेल तर वाचत न बसता पेडणे गाठा. गाडी गावाबाहेर ठेवा, पैसे सुटे ठेवा, तरंगांच्या वाटेत उभे राहू नका. भूतनाथ धावू लागला की त्याच्यामागे धावणाऱ्यांना जागा द्यावी लागते, आणि ते बाजूला व्हा म्हणायला थांबत नाहीत.